टवका उडालेली दोन नाणी

"आणि मला काय स्वप्न पडणार होतं, की त्यातलं एक खरं आहे आणि एक खोटं?" धाकटी ओट्यावर पातेलं आपटत म्हणाली. "दोन सारखी नाणी, दोन सारख्या डब्या. एका डबीत दोन्ही मावत होती, ठेवली. दुसरीत बटणं भरली. या घरात बटणं कुठे कुठे सापडतात ते तुला दिसत नाही, मला दिसतं."

"माझ्या कपाटाला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"धूळ काढायची नाही असं नव्हतंस सांगितलं."

"धूळ काढताना कुणी डब्या उघडतं?"

"मी उघडते. आत काय आहे ते कळल्याशिवाय मला डबी पुसता येत नाही. स्वभाव आहे माझा. पण तू मला हे सांग ताई, खोटं नाणं आपल्या घरात आलंच कसं? खोट्याच्या नावानं तर तू नेहमी नाक मुरडतेस."

थोरलीच्या उघड्या तळहातावर ती दोन नाणी होती. बाटलीच्या बुचाएवढी, काळपट, मधोमध चौकोनी भोक. भोकाच्या चारी बाजूंना एकेक चिनी अक्षर. उजवीकडच्या अक्षराशेजारी कडेचा टवका उडालेला. दोन्हींचा, त्याच जागी, तेवढाच. नखानं चाचपलं तर दोन्हीकडे नख सारखंच अडत होतं.

"आलं नाही," ती म्हणाली. "मी केलं."

धाकटीनं गॅस बारीक केला. भांडण संपलं म्हणून नाही, नीट ऐकू यावं म्हणून.

एवढ्यात भावोजी, म्हणजे धाकटीचा नवरा, पेपराची घडी घालत स्वयंपाकघराच्या दारात आले. दोघी बहिणींचा आवाज चढला की आधी सगळं ऐकून घ्यायचं आणि मग न्यायनिवाडा करायला यायचं, ही त्यांची रीत. "केलं तर केलं. त्यात अडलंय कुठे? खरं कोणतं ते बाजूला काढा आणि ज्यांनी दिलं त्या बोटवाल्यांना देऊन टाका. तुम्हाला तर अंधारातही ओळखू येईल, ताई."

थोरलीनं दोन्ही नाणी तळहातावर उलटी केली, मग सुलटी केली. पुन्हा उलटी केली, तेव्हा बाकीच्या दोघांना एकदमच उमगलं. तिलाही ओळखू येत नव्हतं.

थोरली दातांच्या कवळ्या करायची. घरातली रस्त्याकडची खोली म्हणजे तिची लॅब. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर बर्नर, मेणाच्या कांड्या, घासायची मशीन. भिंतीच्या फळ्यांवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले. भाची लहान असताना त्या खोलीत जायला घाबरायची. पुढे शाळेतल्या मैत्रिणींना घाबरवायला त्यांनाच तिथे न्यायला लागली. आसपासचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप थोरलीकडे पाठवत. मापावरून ती प्लास्टरचा जबडा करी, जबड्यावर मेणाचे दात बसवी, मेणाच्या जागी पक्का माल ओती. पेशंट तिला कधी दिसत नसे. रस्त्यात कुणी हसलं, की ती आधी दात बघायची आणि मग माणूस.

तिच्या कामाचा पहिला नियम असा, की मूळ वस्तूवर काम करायचं नाही. तोंडात घासायचं नाही, कापायचं नाही, बसवून बघायचं नाही. आधी हुबेहूब नमुना करायचा आणि जे काय करायचं ते नमुन्यावर. दात वाकडा असेल तर नमुन्यातही वाकडाच हवा. "तोंडात आहे तसं," असं ती शिकाऊ मुलींना सांगे. सुंदर नको, तसं हवं.

बोटवाले तिच्याकडे पहिल्यांदा आले ते भांडायला. ते जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, आयुष्यभर पाण्यावर राहिलेले. निवृत्त झाल्यावर सगळे दात काढून घेतले आणि डॉक्टरीणबाईंनी बसवलेली कवळी तीनदा परत केली. शेवटी डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "कवळी करतात त्या बाईंनाच भेटा जाऊन." ते आले, रुमालात गुंडाळलेली कवळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे दात फार चांगले आहेत. म्हणून लोकांना कळतं."

थोरलीला हा माणूस तिथेच आवडला. तिनं समोरच्या दोन दातांमध्ये बारीक फट ठेवली, एक दात जरा पिवळा केला, एकाची कड झिजवली. त्यांनी आरशात बघितलं आणि खिशातून एक चिनी नाणं काढून तिच्यासमोर धरलं. "आता तुम्ही हे बघा. तुमचा डोळा तसा आहे. हे खरं की खोटं?"

"मला काय कळणार?"

"बघायला काय लागतं?"

ते खोटं निघालं. तिला कळलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तिला नाण्यांचं वेड लागलं. बोटवाल्यांनी जुनी चिनी नाणी बंदराबंदरांवरून गोळा केली होती, सुतळीत ओवलेली, माळाच्या माळा. त्यात खोटी भरपूर. टवका उडालेल्या, झिजलेल्या, भोकाचा चौकोन फाटलेल्या नाण्यांवर त्यांचा राग नव्हता. "त्यानं भोगलं, ते अंगावर दिसतं. त्यात लाज कसली?" असं म्हणायचे. खोट्याची मात्र त्यांना किळस होती. खोटं नाणं सापडलं की ते गॅलरीतल्या कुंडीत मातीखाली दाबून टाकत. त्यांची सून म्हणायची, "आमच्या झाडांना पितळाचं खत."

थोरलीही विकत घ्यायला लागली, आणि इतर सगळे फसतात तशी फसायलाही लागली. अवघड होतंच ते. दुसऱ्या देशांची जुनी नाणी ठोकून केलेली असतात आणि नक्कल ओतलेली, त्यामुळे जाणकाराला ओतकामाच्या खुणांवरून नक्कल पकडता येते. चिनी नाणी मुळातच ओतीव. खरंही ओतलेलं, खोटंही ओतलेलं. साच्याची रेघ दोघांना, हवेचे बुडबुडे दोघांना. हयात ओतकामात गेलेली बाई नाणं भिंगाखाली धरायची आणि तिला तेवढंच कळायचं, की ओतणाऱ्याचा हात चांगला होता की नाही. कधी ओतलं, ते नाही कळायचं.

मग केव्हातरी बोटवाल्यांनी तिला एक नाणं दिलं. विकत नाही, असंच. त्यांच्या सगळ्यात चांगल्या संचातलं, फक्त कडेचा टवका गेलेला. "रोज हातात धरत जा," म्हणाले. "नाणं डोळ्यांना फसवतं. हाताला नाही फसवत."

इथे थोरलीचं चुकलं, आणि ते तिच्याच हातून चुकू शकणारं होतं. तिच्या हाताला दिवसभर प्लास्टर, मेण, दात घासायची पूड, वर अ‍ॅसिडचं पाणी. असल्या हातात ते नाणं धरायचं तिच्या जिवावर आलं. मूळ वस्तू ती हाताळतच नसे. तेव्हा तिनं नाण्याचं माप घेतलं, दातांचं घेते तसंच, टवक्यासकट. मेणाचं नाणं केलं. मेणाच्या जागी धातू ओतला. आणि धातू कुठला, तर तिच्याकडे गंजून अक्षरं पार उडालेली, कुणीच न घेतलेली जुनी चिनी नाणी पडली होती, ती वितळवली. म्हणजे धातूसुद्धा त्याच घराण्यातला.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून कुणाचीही नक्कल मूळ नाण्यापेक्षा केसभर लहान होते. जाणकार तिथेच पकडतात. पण आकसलेला दात तोंडात बसत नाही, म्हणून दाताच्या लॅबमध्ये ओतकामाचा साचा ज्या पुडीचा करतात, ती तापल्यावर नेमकी तेवढी फुगते. थोरलीनं रोजची पूड वापरली. नक्कल मापाला तंतोतंत उतरली.

खरं नाणं डबीत गेलं, डबी कपाटात. नक्कल अ‍ॅप्रनच्या खिशात. फोनवर डॉक्टरांशी बोलताना, भट्टी तापायची वाट बघताना, रिकाम्या वेळी ती नाण्यावरून अंगठा फिरवायची. किती वर्षं फिरवला, तिला आठवत नाही. घामानं, प्लास्टरनं, अ‍ॅप्रनबरोबर चुकून एकदोनदा धुतलं गेल्यानं ते काळवंडलं, कोपऱ्यात हिरवट झालं, अक्षरांचे उंचवटे गुळगुळीत झाले. बोटवाल्यांना तिनं सांगितलं नाही. खोट्याबद्दल त्यांचं मत माहीत होतं. घरातही बोलली नाही, कारण घरात सांगितलेली गोष्ट भावोजींच्या तोंडून जिन्यापर्यंत पोचते. डोळे थकल्यावर तिनं काम कमी केलं, अ‍ॅप्रन खुंटीवर गेला, नक्कलही एका डबीत गेली. खऱ्याच्या शेजारच्या.

आणि आता बोटवाल्यांच्या सुनेचा फोन आला होता. सासरे त्यांची नाणी वाचनालयाला देणार होते. काचेची पेटी तयार झाली होती, रविवारी कार्यक्रम. एक खण रिकामा होता. "तुमच्याकडे दिलेलं ते तेवढं घेऊन या, असं म्हणतायत. दिलेली वस्तू परत मागायची त्यांना लाज वाटते, म्हणून मी फोन करतेय."

थोरली लगेच हो म्हणाली आणि कपाट उघडलं.

"काटा आणा," भावोजी म्हणाले.

भावोजी वजनकाट्यावर होते. माल भरलेले ट्रक येतात त्या काट्यावर. वीस टनांखालचं काही त्यांनी आयुष्यात मनावर घेतलं नव्हतं, पण वजनाच्या बाबतीत घरात अखेरचा शब्द आपला अशी त्यांची समजूत होती. लॅबमधल्या सोनं मोजायच्या इवल्याशा काट्यावर त्यांनी एकेक नाणं ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, "हे जड आहे. हेच खरं. जुना माल जड असतो."

"जुनं नाणं झिजतं, भावोजी. हलकं होतं."

"मग हे. हे हलकं आहे."

"पण खिशातलंही झिजलंय ना. मीच झिजवलंय."

भावोजींनी चष्मा परत नाकावर आणला. "मग खरं किती वजनाचं होतं ते लिहून नाही ठेवलंत?"

"नाही."

"आमच्याकडे गाडी रिकामी असताना आधी वजन करतात," ते म्हणाले आणि पेपर घेऊन बसले.

भाचीनं दोन्ही नाण्यांचे फोटो काढून नाणी जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकले. डावं म्हणजे एक, उजवं म्हणजे दोन. ती कॉलेजातून घरी येईपर्यंत उत्तरांचा ढीग पडला होता. "मावशी, ऐक हं. सात-आठ जण म्हणतात एक खरं. तेवढेच म्हणतात दोन. एक काका म्हणतात दोन्ही खोटी, आणि त्यांनी एवढं मोठं लिहिलंय की मी वाचलं नाही. एकानं विचारलंय, विकायची आहेत का."

"दोन्ही खोटी कशी असतील?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं मान वर केली. हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता. बोटवाल्यांनी दिलेलं मुळातच खोटं असेल तर? त्या खोट्याची ही नक्कल? नक्कलही मग खोटी, की नकलेची खरी नक्कल?

"घासून बघ ना जरासं," धाकटी म्हणाली. "कडेला. कुणाला दिसतंय?"

"आतून दोन्ही पिवळीच निघणार. धातू तोच आहे. आणि खऱ्याला घासलं तर त्याच्या अंगावरचा रंग गेला, तो कुठून आणू?"

"खोट्याला तू आणलास की."

थोरलीनं दोन्ही नाणी रुमालात बांधली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. दोन कवळ्या पोचवायच्या होत्याच. डॉक्टरीणबाईंनी उत्साहानं दोन्ही नाण्यांचा एक्स-रे काढला. थोरलीला ठाऊक होतं की धातूतून काही दिसायचं नाही, आणि तरीही ती उभी राहून वाट बघत होती. पडद्यावर दोन पांढरेशुभ्र गोल आले, मधे काळा चौकोन.

"कीड तर कुठेच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग थोरलीचा चेहरा बघून त्यांनी जीभ चावली. "सॉरी. बाई, पण इतकं काय? कुठलंही द्या. तुम्ही केलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार."

घरी येऊन तिनं शेवटचा उपाय केला. लॅबचं दार लावलं, डोळे मिटले आणि एक नाणं उजव्या हातात घेतलं. इतकी वर्षं अंगठ्याखाली असलेलं नाणं अंगठ्याला ओळखू येईल. जे ओळखीचं लागेल ते खोटं, परकं लागेल ते खरं. साधा हिशेब. पहिलं ओळखीचं लागलं. टवक्याशी अंगठा आपोआप थांबला. तिनं त्याला रबरबँड लावून ठेवलं आणि बरं वाटून चहा प्यायली. संध्याकाळी खात्री करावी म्हणून रबरबँड काढला, दोन्ही ओंजळीत खळखळवली, पुन्हा डोळे मिटून एक घेतलं. ओळखीचं लागलं. त्याला रबरबँड लावला. मग तिला आठवेना, की सकाळचं ते हेच की ते. मग दुसरं घेतलं. तेही ओळखीचं लागलं.

धाकटी दार ढकलून आत आली तेव्हा थोरली दोन्ही मुठी मिटून बसली होती.

"जेवायला चल."

"माझा हात गेला," थोरली म्हणाली.

"दुखतोय?"

"नाही."

धाकटीनं तिच्याकडे नीट बघितलं. काल पातेलं आपटणारी ती हीच का असं वाटावं इतक्या हळू म्हणाली, "ताई, मी बटणं काढून डबी परत देते."

"आता काय उपयोग?"

"उपयोग नाही. पण देते."

शनिवारी दुपारी थोरली दोन्ही नाणी घेऊन बोटवाल्यांकडे गेली. एक पर्सच्या पुढच्या कप्प्यात, एक मागच्या. सगळं सांगून टाकायचं, हे जिना चढेपर्यंत नक्की होतं.

बोटवाले गॅलरीजवळच्या खुर्चीत होते. डोळे आता फारसे काम देत नव्हते. पण पायांच्या आवाजावरून ते म्हणाले, "बाई आल्या. आणलंत?" बोलताना कवळीतली ती फट दिसली. काचेची पेटी टेबलावर उघडी होती, आत निळ्या मखमलीत ओळींनी नाणी, आणि खालच्या ओळीत एक मोकळा गोल. सून आतल्या खोलीत चिठ्ठ्या कापत होती.

"काका, त्याआधी मला एक..."

"आधी द्या तर."

तिनं पुढच्या कप्प्यातलं दिलं. त्यांनी ते बोटांत फिरवलं, अंगठा कडेवरून नेला आणि टवक्याशी थांबवला. त्यांचा चेहरा सैल झाला.

"हेच ते. तुम्हाला कधी बोललो नाही. हा टवका माझ्या हातून उडाला. शेकडो वर्षं ते नाणं धड राहिलं आणि माझ्या हातातून इंजिनरूमच्या लोखंडावर पडलं. तो आवाज अजून ऐकू येतो. डोळ्यांसमोर नको झालं, म्हणून तुम्हाला देऊन टाकलं. भेट कसली, टाकलंच म्हणा." ते हसले. "आता म्हटलं राहू दे त्यांच्यात. मीच पाडलेला टवका आहे तो, माझ्याच पेटीत दिसू दे."

एका नाण्याचा टवका उडाला होता, या माणसाच्या हातून. दुसऱ्याचा कधी उडालाच नव्हता. ते तसंच जन्माला आलं होतं. आणि त्यांच्या अंगठ्याखाली कोणतं होतं, तिला माहीत नव्हतं.

"काका, परत एकदा बघा," ती म्हणाली. त्यांच्या हातातलं तिनं घेतलं आणि मागच्या कप्प्यातलं त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी अंगठा फिरवला. कड. टवका. अक्षरं.

"बघितलं की. हेच. एकच नाणं किती वेळा दाखवाल, बाई? मी म्हातारा झालोय, खुळा नाही झालो."

"नीट बघा ना. भिंग देऊ?"

"दुसऱ्या कुणी आणलं असतं तर भिंगच काय, काटाही मागवला असता. तुम्ही आणलंय." असं म्हणून त्यांनी चाचपडत पेटीतला मोकळा गोल शोधला आणि नाणं त्यात बसवलं. घट्ट बसलं. माप तंतोतंत होतं. ते असणारच होतं, दोन्हीपैकी कोणतंही असो.

सून चहा घेऊन बाहेर आली. "भरला का खण? बरं झालं. दोन दिवस झाले, त्या खणापायी यांना जेवण गोड लागत नव्हतं."

थोरलीनं चहा घेतला. चहात साखर होती की नाही, तिला कळलं नाही. तोंड उघडलं तर सून समोर, सून आत गेली तर बोटवाले बोलत होते, आणि ते थांबले तेव्हा डोळे मिटून इतके निवांत बसले होते, की ती चपला घालून निघाली.

रस्त्यात तिनं पर्समध्ये हात घातला. एक नाणं होतं. ते पुढच्या कप्प्यात होतं, पण आधीचंच पुढे परत ठेवलं की मागे, आणि पेटीत गेलं ते पहिल्यापासून मागचंच होतं ना, याचा घोळ तिच्या डोक्यात बस येईपर्यंत चालला. शेवटी तिच्या लक्षात आलं, की कप्पा आठवला तरी काही कळणार नाही. घरातून निघतानाच माहीत नव्हतं.

घरात मात्र आनंद झाला.

"सुटलो!" भावोजी म्हणाले. "त्यांनी स्वतः बघितलं, स्वतः ओळखलं, स्वतः ठेवलं. जबाबदारी त्यांची. आमच्याकडे पावतीवर सही झाली की गाडी गेटाबाहेर, विषय संपला."

"त्यांनी दोन्ही ओळखली," थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"एक दिलं, म्हणाले हेच. दुसरं दिलं, म्हणाले हेच. त्यांना वाटलं मी एकच दोनदा देतेय."

भाचीला हसू फुटलं आणि आईच्या नजरेनं ते विझलं. "पण मावशी, खरं असायचा चान्स निम्मा आहेच की. आणि वाचनालयात नाणी बघायला कोण येतं? लोक पेपर वाचायला येतात आणि पंख्याखाली झोपतात."

"आणि त्यांचं वय बघ," धाकटी म्हणाली. "शेवटची इच्छा म्हण ना. त्यांना कळणार नाही, जगाला कळणार नाही, तुलासुद्धा कळणार नाही. मग खोटं कोण बोललं? कुणीच नाही. आता उगीच खुसपट काढू नकोस. माझं चुकलं, मी शंभरदा म्हणते माझं चुकलं, पण आता मिटलंय तर मिटू दे."

"तुझं नाही चुकलं."

"असं म्हणू नकोस, मला जास्त भीती वाटते."

थोरली हात धुऊन ताटावर बसली. नाणं तिनं टेबलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवलं होतं. जेवताना कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे बघत होते. हे खरं असेल, तर त्या पेटीत तिच्या हातचं खोटं होतं, आणि म्हातारा आपल्या चुकीचा टवका म्हणून त्याच्यावर हात फिरवत बसणार. हे खोटं असेल, तर सगळं ठीक होतं आणि ती उगाच स्वतःला घास गोड लागू देत नव्हती. दोन्ही सारखंच शक्य होतं. जे कळणारच नाही त्याचा विचार करून काय होणार, हे तिला कळत होतं. पण डॉक्टरांना कवळी पाठवताना, बसेल की नाही अशी शंका असली, तर ती पाठवत नसे. पुन्हा नवी करायची. निम्मा बसेल असा दात तिनं आजवर कुणाच्या तोंडात जाऊ दिला नव्हता.

आणि तिला त्यांचं ते एक वाक्य सोडत नव्हतं. तुम्ही आणलंय.

"सांगितलंस तर ते तुझं तोंड बघणार नाहीत," धाकटी हळूच म्हणाली. थोरलीच्या चेहऱ्यावरून तिला अंदाज आला होता. "ते कुंडीत पुरतात असली नाणी. माणसाचंही तेच करतील. या वयात तुझं असं बोलायला-बसायला आहे कोण दुसरं? विचार कर."

"केला."

"आणि खरं कोणतं ते सांगता येणार नाहीच. मग सांगायचं तरी काय?"

"तेच."

"ताई," भावोजी म्हणाले, "उद्या कार्यक्रम आहे. हार आणलेत, अध्यक्ष येणार, फोटोवाला येणार. ऐन वेळी खण रिकामा?"

थोरलीनं ताट उचललं, बेसिनमध्ये ठेवलं आणि नळ सोडला. मग नळ बंद केला, कारण तिला एकदाच बोलायचं होतं.

"उद्या सकाळी मी जाऊन ते नाणं परत आणणार आहे. मी नक्कल केली होती आणि आता मला ओळखू येत नाही, हे सांगणार आहे. खण रिकामा जाईल. कुणी बरोबर यायचं नाही, आणि पहिली आंघोळ माझी."